वनस्नान आणि बौद्धिक दिव्यांग प्रौढ: पालक, भावंडं आणि सांभाळणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

माझा धाकटा भाऊ ४१ वर्षांचा आहे. त्याला डाउन सिंड्रोम आहे. अठरा पूर्ण झाली तशी विशेष शाळा सुटली. पुढे काही वर्षं तो कार्यशाळेत कागदी पिशव्या करायला जायचा, मग तीही बंद झाली आणि दिवस टीव्हीसमोर सरायला लागले. गेली सहा वर्षं आम्ही चार-पाच कुटुंबं दर रविवारी सकाळी पुण्यात तळजाईच्या टेकडीवर वनस्नानासाठी जातो. हे कळल्यावर गावोगावचे पालक फोन करतात. त्यांचे प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

वनस्नान म्हणजे जंगलात जाऊन आंघोळ करायची का?

नाही, पाण्याचा काही संबंध नाही. जपानी भाषेतल्या 'शिनरिन-योकू' या शब्दाचा हा मराठी अवतार. शिनरिन म्हणजे वन, योकू म्हणजे स्नान. १९८२ साली जपानच्या वनखात्याचे प्रमुख तोमोहिदे अकियामा यांनी हा शब्द वापरात आणला. नागानो प्रांतातलं अकासावाचं हिनोकी वृक्षांचं जुनं जंगल हे त्याचं माहेर मानतात. पाण्यात शिरल्यावर पाणी जसं चहूबाजूंनी लागतं, तसं झाडांमध्ये शिरून आवाज, वास, सावली, वारा अंगाला लागू द्यायचा, एवढीच कल्पना आहे. हा ट्रेक नाही, निसर्गशिबिर नाही आणि झाडांची नावं पाठ करायचा वर्गही नाही. तासाभरात अर्धा किलोमीटर झाला तरी पुष्कळ.

पण त्याला यातलं काय समजणार?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि बहुतेक वेळा तो आई दबक्या आवाजात विचारते.

आपल्या या माणसांचं आयुष्य कसं जातं ते बघा. लहानपणापासून प्रत्येक तासाला कुणीतरी काहीतरी शिकवत असतं. बटण लाव, रंग ओळख, दहापर्यंत मोज, नीट बोल, हात असा धर. जमलं तर शाबास, नाही जमलं तर पुन्हा कर. पुढे कार्यशाळेत पिशवीची घडी सरळ आली की नाही हे बघितलं जातं. पन्नाशीला आलेला माणूससुद्धा रोज कुठली ना कुठली परीक्षा देत असतो. झाडाखाली परीक्षा नसते. तिथे काही जमावं लागत नाही, म्हणून काही चुकतही नाही. वड बघण्यासाठी बुद्ध्यांक लागत नाही.

शिवाय वनस्नानात जे अंगी असावं लागतं, ते यांच्यापैकी अनेकांकडे आपल्यापेक्षा जास्त आहे. सावकाश चालणं, एकाच गोष्टीकडे पुष्कळ वेळ बघत राहणं, तीच गोष्ट पुन्हा पुन्हा करताना न कंटाळणं. घरी आपण याच सवयींना 'रेंगाळणं' म्हणतो आणि चल चल करत ओढत नेतो. माझ्या भावाने एका रविवारी मुंग्यांची रांग पंचवीस मिनिटं पाहिली. मी तीन वेळा घड्याळ बघितलं. त्याने एकदाही नाही.

याने काही बरं होतं का? पुरावा काय?

बौद्धिक अक्षमता हा आजार नाही, त्यामुळे ती बरी होण्याचा प्रश्न येत नाही. वनस्नानाने बुद्ध्यांक वाढतो किंवा बोलणं सुधारतं असं सांगून कुणी पैसे मागितले, तर देऊ नका.

मन शांत होणं, रक्तदाब आणि नाडी थोडी उतरणं याचे पुरावे आहेत. जपानमध्ये २४ जंगलांत २८० जणांवर झालेल्या अभ्यासात, शहरात फिरलेल्यांपेक्षा जंगलात फिरलेल्यांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक कमी आढळलं. टोकियोचे डॉक्टर छिंग ली यांनी तीन दिवस जंगलात राहून आलेल्या पुरुषांच्या रक्तातल्या नैसर्गिक मारक पेशी (रोगांशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) जास्त सक्रिय झाल्याचं नोंदवलं, पण त्यात माणसं होती फक्त १२. इंग्लंडमधल्या सुमारे २०,००० लोकांच्या माहितीवरचा २०१९ सालचा अभ्यास सांगतो की आठवड्याला १२० मिनिटं निसर्गात घालवणारे लोक स्वतःची तब्येत आणि समाधान चांगलं असल्याचं जास्त प्रमाणात सांगतात. ती मिनिटं एका दमात घालवली की तुकड्यातुकड्याने, याने फरक पडला नव्हता.

हे लक्षात ठेवा की या अभ्यासांतली माणसं मुख्यतः दिव्यांग नसलेली, आणि जपानमधली तर बरीचशी तरुण पुरुष. म्हणून आकडे जसेच्या तसे आपल्या घरच्या माणसाला लावू नका. आपली साधी वही ठेवा. त्या दिवशी जेवला कसा, रात्री झोप किती वाजता लागली, चिडचिड किती वेळा, हट्ट कशावरून. दोन महिन्यांत तुम्हाला तुमचं उत्तर मिळेल. आमच्या गटातल्या एका ताईंच्या मुलाच्या वहीत रविवारची झोप दिसते, बाकी काही नाही. त्यांना तेवढं पुरतं, कारण एरवी तो रात्री दोनला उठून घरभर फिरतो.

आमच्या जवळ जंगल नाही.

तळजाईसुद्धा जंगल नाही. तिथे वनखात्याने लावलेलं गिरिपुष्प सगळीकडे पसरलेलं आहे. फेब्रुवारीत त्याला फिकट गुलाबी फुलं येतात तेव्हा रस्ताभर सडा पडतो, आणि आमच्या मंडळींना तो अस्सल जंगलापेक्षा कमी वाटत नाही.

पुण्यातच एम्प्रेस गार्डनला सपाट वाटा, जुनी मोठी झाडं आणि बसायला बाकं आहेत. नवख्या गटाने तिथूनच सुरुवात करावी असं माझं मत आहे. मुंबईकरांसाठी धारावी-माहीमजवळचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे. मिठी नदीच्या काठची ही ३७ एकर जागा पूर्वी कचऱ्याचं डंपिंग ग्राउंड होती, आज तिथे दाट झाडी आहे. बोरिवलीचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान शंभर चौरस किलोमीटरहून मोठं आहे, पण तिथे माकडं हातातला खाऊ ओढतात आणि बिबट्यांचा वावर आहे, म्हणून उजेडात, मुख्य रस्त्याच्या आसपास, खाऊ पिशवीत ठेवूनच जा. कोकणात किंवा मावळात घर असेल तर गावची देवराई उत्तम. तिथला नियमही आपल्याला सोयीचा आहे: काही तोडायचं नाही, मोठ्याने बोलायचं नाही. आधी पुजाऱ्यांना किंवा गावकऱ्यांना विचारून घ्या.

आणि यातलं काहीच नसेल तर शाळेच्या मैदानातलं एक पिंपळाचं झाड. वारा नावापुरता असला तरी त्याची पानं सळसळतात.

एका फेरीत नेमकं काय करता?

सकाळी सातला जमतो. प्रत्येकाला आदल्या दिवशी तीन फोटो दाखवलेले असतात: रिक्षा, टेकडीचं फाटक, डबा. यातून कुठे जायचं आणि शेवटी काय होणार हे कळतं. ज्यांना फोटो उमगत नाहीत त्यांच्या हातात टेकडीवर नेतो तीच टोपी देतो. टोपी दिसली की एक दादा दारात जाऊन उभे राहतात.

फाटकाशी सगळे थांबतो आणि एक मिनिट काहीच बोलत नाही. हे मिनिट स्वयंसेवकांना सर्वात जड जातं. मग चालायला लागतो. पुढे कोण चालणार हे ठरलेलं असतं: गटातली सर्वात सावकाश चालणारी व्यक्ती. तिला मागे टाकून कुणी जायचं नाही. या एका नियमाने आमचा अर्धा ताण गेला.

वाटेत दोन-तीन 'आमंत्रणं' असतात. त्यांना काम किंवा उपक्रम म्हणत नाही, कारण नाकारता येतं तेच आमंत्रण. खोडाला हात लावून बघू या का? सागाचं पान खरखरीत असतं, पॉलिश पेपरसारखं. त्याचं कोवळं पान चोळलं तर बोटं लाल होतात. निलगिरीची वाळकी पानं हातात चुरून नाकाशी धरायची. ओळखीचा वास म्हणून खिशात कढीपत्ता किंवा गवती चहाचं पान ठेवते, कारण नवख्या माणसाला जंगलाचा वास परका वाटतो, घरचा वास धीर देतो. तांबट पक्षी 'पुक पुक पुक' करत असेल तर त्याच्या ठेक्यावर मांडीवर थाप द्यायची. बोलता न येणारे लोकही यात सामील होतात.

मग प्रत्येक जण आपली जागा शोधतो आणि दहा मिनिटं बसतो. सतरंजी, घडीची खुर्ची, काहीही. कुणी बसत नाही, फेऱ्या मारतो, तेही चालतं. शेवटी एकत्र चहा आणि पोहे. हा भाग टाळू नका. डबा हीच अनेकांसाठी आठवड्याची आठवण असते.

'काय वाटलं?' हा प्रश्न मात्र विचारू नका. तो परत परीक्षेकडे नेतो. हवं तर उचललेली वस्तू मध्ये ठेवायची: शेंग, पीस, दगड. ज्याला दाखवावंसं वाटेल तो दाखवेल.

तो यायला तयार नाही, किंवा फाटकापासून मागे फिरतो.

मग मागे फिरा. प्रौढ माणसाचा नकार हा नकार असतो, मग तो शब्दांत असो, मान वळवून असो की जमिनीवर फतकल मारून असो. एक दादा पहिले पाच रविवार रिक्षातून उतरलेच नाहीत. रिक्षातच बसून चहा घेतला आणि घरी गेले. सहाव्या वेळी उतरले. सातव्या वेळी परत नाही उतरले. यात वाया काही गेलं नाही.

फिट येते. न्यावं का?

बौद्धिक अक्षमता असलेल्या साधारण पाचातल्या एकाला अपस्मार असतो, त्यामुळे हा प्रश्न प्रत्येक गटात येतोच. डॉक्टरांशी बोलून, सकाळचा डोस चुकू न देता, रात्रीची झोप झालेली असताना जरूर न्या. अपुरी झोप आणि उपाशीपोट ही फिट येण्याची मोठी निमित्तं आहेत, म्हणून पहाटे चारला उठवून दूरच्या जंगलात नेऊ नका.

एक गोष्ट पालकांना बहुधा कुणी सांगत नाही. झाडांच्या रांगेतून गाडी जाताना ऊन-सावली भराभर लुकलुकते. ज्यांचा अपस्मार प्रकाशाला संवेदनशील आहे (अशांचं प्रमाण शंभरात तीनच्या आसपास), त्यांना त्याने फिट येऊ शकते. अशा वेळी एक डोळा तळहाताने पूर्ण झाकायला सांगा. दोन्ही मिटून उपयोग होत नाही.

फिट आलीच तर कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही ठेवा, घड्याळ बघा. तोंडात चमचा, पाणी काही घालू नका. कांदा किंवा चप्पल हुंगवू नका, मग आजूबाजूचे कितीही आग्रह करोत. पाच मिनिटांत थांबली नाही, किंवा शुद्ध न येता दुसरी आली, तर १०८ ला फोन करा. डॉक्टरांनी नाकात मारायचा मिडाझोलामचा स्प्रे दिला असेल तर तो घरच्या कपाटात नको, सोबतच्या पिशवीत हवा.

डाउन सिंड्रोम असेल तर वेगळं काय बघायचं?

मानेतल्या सर्वात वरच्या दोन मणक्यांचा सांधा काहींमध्ये सैल असतो. चालीत बदल, मान दुखणं, हातातली पकड सुटणं, लघवीवरचा ताबा जाणं असं काही नव्याने दिसलं तर टेकडी बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टर गाठा. जन्मतः हृदयदोष जवळजवळ निम्म्या जणांत असतो, तेव्हा चढाची वाट घेण्याआधी विचारून घ्या. थायरॉइड कमी असेल तर थंडी जास्त वाजते, दमही लवकर लागतो.

खोलीचा अंदाजही अनेकांना नीट येत नाही. पायरी, नाली, सावलीचा काळा पट्टा यातला फरक कळत नाही आणि माणूस एकदम थबकतो. त्याला हट्ट समजू नका. हात पुढे करा आणि तो धरेपर्यंत थांबा. ओढायचं नाही.

आणि एक जड गोष्ट. डाउन सिंड्रोममध्ये अल्झायमर चाळिशीपासूनच सुरू होऊ शकतो. वर्षानुवर्षं आवडीची असलेली वाट अचानक नकोशी झाली, फाटक ओळखू येईना, पायऱ्यांची भीती वाटायला लागली, तर 'वयानुसार हट्टी झाला' म्हणून सोडून देऊ नका. दर आठवड्याला तीच वाट चालल्यामुळे हा बदल लवकर लक्षात येतो. माझ्या भावाकडे मी प्रत्येक रविवारी या नजरेने बघते.

औषधं चालू आहेत. उन्हाचं काय?

टोपिरामेटसारखी फिटची काही औषधं आणि ट्रायहेक्सिफेनिडिल (अंगाची थरथर, ताठरपणा कमी करणारं औषध) यांनी घाम कमी येतो, मग अंग तापत जातं आणि बाहेरून कळत नाही. क्लोरप्रोमाझिन या मानसिक आजारावरच्या औषधाने कातडी उन्हात लवकर भाजते. तहान लागली हे अनेकांना सांगता येत नाही, म्हणून आम्ही दर वीस मिनिटांनी सगळेच पाणी पितो. एकट्याला आग्रह करण्यापेक्षा ते बरं. मार्च ते मे या काळात सकाळी नऊच्या आत घरी.

ऑटिझम आहे, आवाज सहन होत नाहीत.

जंगल शांत असतं हा गैरसमज आहे. उन्हाळ्यात झाडांवरच्या किड्यांची किरकिर सुरू झाली की कानठळ्या बसतात. आवाज अडवणारे हेडफोन सोबत ठेवा, आणि ते घातले म्हणजे 'वनस्नान झालं नाही' असं मानू नका. डोळे, हात, नाक आहेतच. हात चिखलात घालायला नको असेल तर नको.

तो दिसेल ते तोंडात घालतो.

मग गटात एक माणूस फक्त त्याच्यासाठी हवा, आणि वाट आधी कुणीतरी चालून बघितलेली हवी. कण्हेर, धोतरा, एरंडाच्या बिया आणि गुंजा यांच्यापासून लांब. गुंज लालभडक आणि देखणी असते, म्हणूनच धोका जास्त. प्राडर-विली सिंड्रोम असलेल्यांची भूक शमत नाही, तिथे रानफळं गोळा करणं हा प्रकारच नको. बिब्ब्याच्या तेलाने कातडी भाजते आणि खाजकुइलीची लव लागली तर दोन तास कुणाचं काही खरं नाही, त्यामुळे ही झाडं सोबतच्या एकाला तरी ओळखता यायला हवीत.

साप, मधमाश्या, गोचीड?

वाट सोडायची नाही, बूट आणि पूर्ण पँट, बसायच्या आधी काठीने जागा झटकायची. सर्पदंश झालाच तर तो अवयव हलू न देता थेट सरकारी रुग्णालय. आवळून बांधणं, कापणं, चोखणं काही नाही. आग्या मोहोळ दिसलं तर त्या दिवशी ती वाट बंद. अत्तर, सुगंधी पावडर, धूर यांनी माश्या उठतात. सिंधुदुर्गात दोडामार्गच्या बाजूला आणि गोव्यात सत्तरीत गोचिडीतून माकडताप पसरतो. हिवाळा-उन्हाळ्यात तिथल्या जंगलात जाण्याआधी आरोग्य केंद्रात विचारा.

शौचालयाचं कसं करता?

जिथे नाही तिथे आम्ही जात नाही. प्रौढ माणसाचं डायपर बदलायला आपल्याकडच्या बागांत जागाच नसते. याची लेखी मागणी आम्ही करत आलो आहोत, तुम्हीही करा. २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याच्या कलम २९ मध्ये सांस्कृतिक जीवन आणि मनोरंजनाचा समान हक्क सांगितला आहे. जिथे दोन तास थांबताच येत नाही तिथे तो हक्क पोचलेला नाही.

व्हीलचेअर आहे, किंवा घराबाहेर पडताच येत नाही.

व्हीलचेअरसाठी डांबरी किंवा फरसबंद वाट शोधा आणि झाड त्यांच्यापर्यंत आणा: खाली पडलेली फांदी, मूठभर ओली माती, शेंगा मांडीवरच्या ताटात.

अंथरुणावर असलेल्यांसाठी पलंगाची दिशा बदला. १९८४ साली अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्या २३ जणांच्या खिडकीतून झाडं दिसत होती, ते विटांची भिंत दिसणाऱ्या २३ जणांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकंही कमी लागली. सोसायटीतला एक गुलमोहर पलंगावरून दिसत असेल, तर पडदा उघडा ठेवा.

स्वयंसेवक कसे निवडायचे?

पोलीस पडताळणी, ओळखीच्या दोन कुटुंबांचा शब्द, आणि पहिले तीन महिने फक्त सोबत. कुणाही प्रौढाला एका स्वयंसेवकाबरोबर नजरेआड सोडायचं नाही, मग तो स्वयंसेवक कितीही जुना असो. अत्याचार झाला तरी सांगता न येणारी माणसं आहेत ही, त्यामुळे यात संकोच नको. फोटो काढून समाजमाध्यमांवर टाकायचे नाहीत. आणि चाळीस वर्षांच्या माणसाला 'बाळ' म्हणायचं नाही. नाव घ्या, किंवा दादा, ताई, काका म्हणा. अंगावर फोन नंबरचा पट्टा प्रत्येकाच्या मनगटाला असतोच. दर थांब्यावर माणसं मोजायची.

लोक बघत राहतात.

बघतात. टेकडीवर रोज चालणारे आजोबा-आजी पहिल्या महिन्यात बघत होते, दुसऱ्या महिन्यात हात करायला लागले. माझ्या भावाला आता तिथे नावाने हाक मारणारी अकरा माणसं आहेत. मोजून सांगते, कारण त्याआधी घराबाहेर त्याला नावाने ओळखणारं कुणी नव्हतं.

आई-वडिलांनी सोबत राहायचं का?

पहिल्या दोन-तीन वेळा, हो. नंतर त्यांनी दुसऱ्या झाडाखाली बसावं. सत्तरी ओलांडलेल्या आयांना 'माझ्यानंतर याचं कोण' हा विचार एक क्षण सोडत नाही. मूल दुसऱ्या कुणाबरोबर तासभर सुखाने असू शकतं, हे डोळ्यांनी बघायला मिळणं हा त्या विचारावर मिळणारा लहानसा आधार आहे. काही आया सुरुवातीला दर मिनिटाला मान वळवून बघतात. एक आजी आता चक्क झोपतात.

पाऊस आला तर रद्द करायचं?

वीज कडाडत असेल, वारा सुटला असेल तर लगेच पक्क्या छपराखाली, झाडाखाली अजिबात नाही. वाट शेवाळलेली असेल तरीही नको. नुसती भुरभुर असेल तर जा. प्रत्येकाचा कोरडा कपड्यांचा जोड आणि टॉवेल प्लास्टिकच्या पिशवीत घ्या, छत्रीपेक्षा रेनकोट घ्या म्हणजे हात मोकळे राहतात. पाऊस थांबल्यावर घाईने निघू नका. आकाश उघडलं तरी वडाखाली पुढची दहा मिनिटं पानांवरून थेंब गळत असतात. माझा भाऊ तिथे तोंड वर करून उभा राहतो, आणि चष्मा पुसायला तेव्हा माझ्याकडेच देतो.